हसायचं तर वर्दीवर

टीव्हीवर विमानतळाच्या तपासणीची टिंगल सुरू झाली की आमचे हे लगेच आवाज वाढवतात. मी स्वयंपाकघरात असले तरी हाक मारतात, "या मॅडम, तुमची माणसं आली." पडद्यावर एक खोटा अधिकारी कुणा भाबड्या प्रवाशाला बूट काढायला लावतो, मग मोजे, मग मशीनसमोर जीभ बाहेर काढायला सांगतो, आणि शेवटी कोपऱ्यात लपवलेला कॅमेरा दाखवून सगळे हसतात. यांना हसू आवरत नाही. मला पूर्वी फार राग यायचा. अठ्ठावीस वर्षं ज्या कामापायी उभी राहिले, पायांच्या शिरा फुगवून घेतल्या, ते काम म्हणजे लोकांना उगाच छळायचा उद्योग, असं त्यात दिसायचं. आता तसा राग येत नाही. कधीकधी मी यांच्याआधी हसते. हा फरक माझ्यात एका विनोदी नटाने पाडला, आणि त्याच्याविषयी लिहावं म्हणून हे लिहायला बसले आहे. पण आधी माझं काम काय होतं ते सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

मी कळवण तालुक्यातली, शेतकऱ्याच्या घरातली. सुरक्षा दलात भरती झाले, मोठमोठ्या विमानतळांवर फिरले आणि शेवटची काही वर्षं नाशिकच्या विमानतळावर काढून घरी आले. बाकी बदल्या, बढत्या आणि शेरे माझ्या सर्व्हिस बुकात आहेत. तिथेही ते कुणी वाचत नाही, इथे कशाला?

आमच्या कामाचे दोन भाग. एक पडद्यासमोर बसायचं, दुसरा माणसांसमोर उभं राहायचं. पडद्यावर तुमची बॅग आतून दिसते, पण तुम्हाला वाटतं तशी नाही. तिथे सगळं रंगांत असतं. खाण्याच्या वस्तू, कपडे, कागद, साबण नारिंगी दिसतात. लोखंड, स्टील निळं. मधलं काही असेल तर हिरवट. स्टीलच्या डब्यातले बेसनाचे लाडू म्हणजे निळ्या भिंतीआड नारिंगी गोळे. एका बॅगेला आम्हाला काही क्षण मिळतात, आणि वीस मिनिटांनी माणूस बदलतात, कारण त्यानंतर डोळे उघडे राहिले तरी बघणं थांबतं. हे मी पहिल्या दिवशी ऐकलं तेव्हा मला पटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी एकविसाव्या मिनिटाला माझ्यासमोरून गेलेल्या बॅगेत काय होतं, ते मला सांगता आलं नाही.

माणसांची तपासणी त्याहून अवघड. बाईला हात लावायचा, तोही अनोळखी बाईला, आणि तिला अवघडल्यासारखं वाटता कामा नये. नऊवारीतल्या आजींच्या कमरेला बटवा असतो, तो त्यांनी मुलालाही कधी दाखवलेला नसतो. काचेच्या बांगड्यांना हातातलं यंत्र वाजत नाही, जोडव्यांना वाजतं, मंगळसूत्राला वाजतं. मंगळसूत्र काढायला मी एकाही बाईला सांगितलं नाही. पडद्याआड नेऊन हाताने बघायचं आणि मान हलवून जाऊ द्यायचं. काही ठिकाणी तळहात लावायचा नाही, हाताची उलटी बाजू लावायची, म्हणजे समोरच्या बाईला ते तपासणं वाटतं, चाचपणं वाटत नाही. एवढ्या बारीक गोष्टीवर सगळं काम उभं आहे.

गिऱ्हाइकं म्हणावीत तर एकापेक्षा एक. एक गृहस्थ पितळी देव घेऊन आले, हातात त्रिशूळ असलेला. त्रिशूळ चांगला टोकदार. "देवाचं हत्यार ते हत्यार नसतं," असं त्यांचं म्हणणं. मी देवाला नमस्कार केला, माफी मागितली आणि त्यांना परत काउंटरवर पाठवून देव मोठ्या बॅगेत ठेवायला लावले. कैरीच्या लोणच्याच्या बरण्यांवरून तर किती आज्यांनी मला शाप दिले असतील. एका आजींनी बरणी द्यायची नाही म्हणून दारातच बसून पाव बरणी खाल्ली, उरलेली मला देऊन गेल्या आणि म्हणाल्या, "आता तू खा." तीही नियमाने खाता येत नाही, हे सांगायचं धाडस मला झालं नाही.

आणि गंडवागंडवी म्हणाल तर ती आमच्यात टीव्हीच्या आधीपासून आहे. वरिष्ठ साध्या कपड्यांतला माणूस पाठवतात, त्याच्या सामानात खोटं पिस्तूल किंवा खोटा स्फोटक गोळा असतो. तो तुमच्या हातून निसटला तर दुसऱ्या दिवशी मेमो. त्यात हसायला कुणी नसतं. मी एकदा असा डाव पकडला तो पुरणपोळ्यांमुळे. पडद्यावर जाड स्टीलच्या डब्यात पोळ्यांची चळत दिसत होती, सपाट आणि गोल, तळाशी नुसता निळा रंग. मी पट्टा थांबवला. प्रवासात द्यायच्या पोळ्या कुठलीही बाई घडी घातल्याशिवाय डब्यात भरत नाही. डबा उघडला, तर खाली पिस्तूल होतं. साहेब म्हणाले, "देवरे, तुम्हाला हे शिकवलं कुणी?" मी म्हटलं, "सासूबाईंनी."

अशा कामात माणसाला एक खोड लागते. कुणीही काहीही बोललं, तरी हा खरं बोलतोय असं धरून चालायचं. त्यातही एक शब्द आहे, बॉम्ब. हा शब्द तपासणीच्या जागी उच्चारला की तो विनोद राहत नाही. ऐकणाऱ्याने हात वर करायचा, साहेबांना बोलवायचं, आणि पुढचं सगळं आपोआप सुरू होतं. बोलणाऱ्याचा चेहरा कसा होता, वय काय होतं, यावर ऐकणाऱ्याने काही ठरवायचं नसतं.

सात वर्षांपूर्वीची सकाळ. मी बॅगा उघडून बघायच्या टेबलावर होते. दिल्लीच्या विमानाची माणसं येत होती. एक चोवीस-पंचवीस वर्षांचा तरुण आला, नवा शर्ट, इस्त्रीची घडी अजून मोडली नव्हती. पडद्यावर त्याच्या बॅगेत डबा आणि डब्यात गोळे दिसले म्हणून बॅग माझ्याकडे आली. मी रोजच्यासारखं विचारलं, "बॅगेत काय आहे?"

तो हसला. "बॉम्ब आहे मॅडम, आईने बनवलेला."

आणि बोलून झाल्यावर त्याने वर छताकडे, मग खांबाकडे बघितलं. कॅमेरा कुठे लपवलाय ते शोधत होता. आदल्याच आठवड्यात टीव्हीवर तसा कार्यक्रम झाला होता. तो मीही घरी बघितला होता.

त्याच्या मागची रांगेतली माणसं लांब होती, साहेब पलीकडे होते. त्याचं बोलणं माझ्याशिवाय कुणी ऐकलं नव्हतं. मी हात वर केला.

त्याला बाजूला नेलं, बॅग बाजूला नेली, जबाब झाला, पोलीस आले. डब्यात डिंकाचे लाडू निघाले. सगळं उरकेपर्यंत विमान सुटायची वेळ झाली. त्याला जहाजावरच्या स्वयंपाकघरात नोकरी लागली होती आणि त्याच संध्याकाळी कंपनीच्या दिल्लीतल्या कचेरीत हजर व्हायचं होतं. हे मला जबाबाच्या कागदावरून कळलं. काचेपलीकडे विमान वळलं तेव्हा तो माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "मॅडम, लाडूच होते ना?" मी उत्तर दिलं नाही. मी कागद भरत होते. ती नोकरी दुसऱ्याला गेली.

त्याचं नाव योगेश, गाव नामपूर. मी नियमाने वागले, आणि तसंच वागायला हवं होतं, यात मला आजही शंका नाही. पण त्याच्याशी एक शब्द बोलले नाही, त्याची खंत सुटली नाही. नंतर एकदा नातेवाइकाच्या लग्नासाठी नामपूरला गेले होते. बाजार समितीच्या बाहेर तो दिसला, कांद्याच्या ट्रॅक्टरजवळ कुणाशी बोलत उभा. मी पदर पुढे ओढून दुसऱ्या रस्त्याने गेले. वर्दीत कधी कुणाला पाठ दाखवली नव्हती, पण तिथे दाखवली.

निवृत्त झाल्याच्या दुसऱ्या वर्षी श्रीपाद आमच्या दारात आला. पंचवटीतला मुलगा, इथल्या हौशी नाटकांतून पुढे गेलेला, आता मुंबईत टीव्हीवर लोकांना गंडवायचे कार्यक्रम करतो. मुलगा म्हटलं तरी पंचेचाळिशीचा, बुटका, गोल, चेहरा एकदम साधा. यांनी त्याला ओळखलं आणि मला न विचारता चहा ठेवला.

त्याला नाशिकमध्ये एक भाग करायचा होता. ओझर रोडला एक मंगल कार्यालय भाड्याने घेऊन आत खोटी तपासणी उभी करायची. एक यात्रा कंपनी विमानाने काशीला जाणाऱ्या खेड्यापाड्यांतल्या लोकांना तिथे आणणार, विमानप्रवासाची रंगीत तालीम म्हणून. आधी गंमत, मग खरी तालीम, मग जेवण. त्याला सल्लागार हवी होती, सगळं खऱ्यासारखं दिसावं म्हणून. त्याने लिहून आणलेले कागद माझ्यापुढे ठेवले. पहिल्याच पानावर प्रवासी चुकून बॉम्ब म्हणतो आणि धावपळ उडते.

मी म्हटलं, "हे करायचं असेल तर दुसरं कुणी बघा."

"ताई, सगळेच करतात हे. याच्यावर हमखास हशा असतो."

"माहीत आहे. त्या हशाचं पुढे काय होतं, ते मला माहीत आहे."

आणि मी त्याला योगेशचं सांगितलं. यांनाही ते सगळं तेव्हाच पहिल्यांदा कळलं. सांगून झाल्यावर श्रीपादने ते पहिलं पान काढलं, चार घड्या घालून खिशात ठेवलं. मी अट घातली की माझ्या नावाने जे काही होईल त्यात तो शब्द कुणाच्याही तोंडून टीव्हीवर जाणार नाही. तो लगेच हो म्हणाला. नंतर मला कळलं की वाहिनीवाल्यांनी त्याच्याशी यावरून फार वाद घातला, बाईंना सोडा आणि विनोद ठेवा म्हणाले, आणि त्याने बाईंना ठेवलं.

"मग ताई, हसायचं कुणावर?" त्याने विचारलं.

"आमच्यावर हसा. हसायचं तर वर्दीवर हसा. आमच्यात हसण्यासारखं पुष्कळ आहे, तुम्ही लोक उगाच प्रवाशाच्या मागे लागता."

पुढचे आठ दिवस तो रोज सकाळी घरी यायचा. मी इतक्या नव्या पोरापोरींना काम शिकवलं, पण असा विद्यार्थी पाहिला नाही. हॉलमध्ये यांना प्रवासी करून उभं करायचा आणि माझे हात बघत बसायचा. हाताची उलटी बाजू का, खांद्यापासून सुरुवात का, प्रवाशाच्या डोळ्यांत का बघायचं नाही आणि मग नेमकं कधी बघायचं, सगळं विचारायचा. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "ताई, 'वळा' म्हणायच्या आधी तुम्ही स्वतः थोडं वळता. तुम्हाला ठाऊक आहे का?" मला ठाऊक नव्हतं. अठ्ठावीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. त्याने करून दाखवलं आणि मला माझ्याच समोर उभं राहिल्यासारखं वाटलं. टिंगल करणाऱ्या माणसाला इतकं बारीक बघावं लागतं, हे मी धरूनच चालले नव्हते. आम्ही बॅगा बघतो तसा तो माणसं बघत होता, आणि त्याला वीस मिनिटांनी बदलायला कुणी नव्हतं.

शूटिंगच्या पहिल्या दिवशी मंगल कार्यालयात गेले तर मला क्षणभर धसकाच बसला. प्लायवूडचं मशीन, रबरी पट्टा, ट्रे, दोऱ्या बांधलेली रांग. जिथे लग्नात अक्षता वाटतात तिथे धातू शोधायची चौकट उभी होती. श्रीपाद वर्दीत. ती खऱ्या दलाची नको, असं मी बजावलं होतं, म्हणून रंग वेगळा होता, पण आत उभा असलेला माणूस आमच्यातलाच वाटत होता.

पहिली गंमत अशी होती की चौकटीतून प्रवासी गेले तर काही वाजत नव्हतं, आणि साहेब, म्हणजे श्रीपाद, स्वतः गेले की वाजत होतं. साहेबांनी पट्टा काढला, वाजलं. घड्याळ काढलं, वाजलं. बूट काढले, शिट्टी काढली, चष्मा काढला, वाजतच राहिलं. साहेबांचा चेहरा पडत चालला आणि रांगेतल्या लोकांना त्यांची कीव यायला लागली. श्रीपादने हेच साधलं होतं. लासलगावकडचे एक फेटेवाले बाबा पुढे झाले, इकडेतिकडे बघून साहेबांच्या कानाशी लागले. "साहेब, कमरेचा करगोटा चांदीचा हाय का?" साहेब लाजून हो म्हणाले. बाबा म्हणाले, "मंग आसं करा, आत जा, काढून या. आमी थांबतो. कुनाला सांगत नाय." आणि खरोखर त्या बाबांनी सगळ्या रांगेला तोंड फिरवून उभं केलं. कॅमेरा दाखवल्यावर बाबा सगळ्यांत जास्त हसले, पण त्याआधी त्यांनी एका अडचणीतल्या सरकारी माणसाची लाज राखली होती. टीव्हीवर ते दिसलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

दुसऱ्या गमतीत मशीन बॅगेतल्या वस्तूबद्दल भलतंच सांगायचं. दुसऱ्या एका बाबांच्या पिशवीत कांदे होते, परत जाताना पोरीकडे न्यायला. पडद्यावरही कांदे आले. श्रीपाद गंभीरपणे म्हणाला, "मशीन सांगतंय, लाल कांदा आहे."

बाबांनी पडद्याकडे बघितलंही नाही. "मशीन येडं हे. उन्हाळ कांदा हे तो, टिकनारा."

"आणि त्यात गोल्टी भरपूर आहे."

आता बाबा चिडले. गोल्टी म्हणजे बारका कांदा. त्याला बाजारात भाव नाही, आणि पोरीकडे कुणी गोल्टी नेतं का? त्यांनी पिशवी टेबलावर ओतली आणि एकेक कांदा साहेबांच्या हातात द्यायला लागले, बघा म्हणाले, मोजा म्हणाले. साहेब निमूटपणे कांदे हातात घेत राहिले. शेवटी साहेबांनी मशीनला झापलं आणि बाबांची माफी मागितली. असं करून श्रीपादने दिवसभरात कितीतरी लोकांना गंडवलं, पण घरी जाताना कुणाचीच मान खाली नव्हती. गंमत झाल्यावर प्रत्येकाला कागद देत असे, हे दाखवायला तुमची हरकत नाही ना म्हणून. एका बाईने सही केली नाही. श्रीपादने तिच्यासमोर ते चित्रण पुसलं आणि तिला जेवायला बसवलं.

त्या दिवशी जेवताना तो मला म्हणाला, "तो योगेश नामपूरला असतो म्हणालात ना? त्याला बोलावू का? तुम्ही नाही म्हणालात तर विषय संपला."

मी म्हटलं, "बोलावू नका. मीच जाते." हे शब्द माझ्या तोंडून कसे निघाले ते मला सांगता येणार नाही. कदाचित साहेबांची लाज राखणाऱ्या त्या फेटेवाल्या बाबांना बघून असेल.

दुसऱ्या दिवशी शूटिंग नव्हतं, तेव्हा मी आणि श्रीपाद नामपूरला गेलो. योगेश त्याच्या खळ्यावर होता. खळा म्हणजे कांदा निवडून गोण्या भरायची जागा. आता तो स्वतः कांदा घेतो, ट्रक भरून पाठवतो. दहा-बारा बायका कांदा निवडत होत्या. त्याने मला बिनवर्दीची लगेच ओळखलं. उठला, खुर्ची पुढे केली. आतून त्याची आई आली. आमच्याकडे बघून तिने मुलाला अहिराणीत विचारलं, "ह्याच शेतस का त्या म्याडम?"

"हां," तो म्हणाला.

आई आत गेली आणि चहा घेऊन आली. मी योगेशला म्हटलं की मी केलं ते नियमाने केलं, पण तुझ्याशी बोलायला हवं होतं, ते बोलले नाही, त्याची माफी मागायला आले आहे. तो खाली बघून कांद्याची पात तोडत होता. श्रीपादने त्याला कार्यक्रमाचं सांगितलं आणि येतोस का म्हणून विचारलं.

"येतो मी," तो म्हणाला. "पन एक अट शे. मी साहेब होनार. मॅडम पॅसेंजर. आणि मी जे बोललो होतो, ते मॅडमनी बोलायचं. मग मी काय करायचं ते मी ठरवीन."

श्रीपादने माझ्याकडे बघितलं. माझी अट आणि याची अट यांचं जमत नव्हतं. मी म्हटलं, "बोलेन."

शूटिंगच्या शेवटच्या दिवशी लोकांचं सगळं उरकल्यावर योगेशला वर्दी चढवली. त्याला ती खांद्यांत घट्ट होत होती. मी घरून स्टीलचा डबा भरून पिशवीत घेतला होता, डब्यात काय होतं ते मी कुणाला सांगितलं नाही, आणि रांगेच्या दोरीपलीकडे उभी राहिले. हे सगळं खोटं आहे, प्लायवूडचं आहे, हे मला ठाऊक होतं. तरी मी पिशवी दोन्ही हातांनी धरून ठेवली. इतक्या वर्षांत मी दोरीच्या त्या बाजूला अशी कधी उभी राहिले नव्हते. तिथून टेबलामागचा माणूस फार उंच दिसतो.

मी पिशवी पट्ट्यावर ठेवली. ती पलीकडे निघाली. योगेशने ती उघडली नाही. त्याने विचारलं, "बॅगेत काय आहे?"

सगळं मंगल कार्यालय थांबलं होतं. तो वाट बघत होता, घाई करत नव्हता. शेवटी मी म्हणाले, "बॉम्ब आहे साहेब. आईने बनवलेला."

योगेशने माझ्या खोट्या बोर्डिंग पासवर शिक्का मारला आणि तो माझ्यापुढे धरला. "जा मॅडम. विमान सुटंल तुमचं."

मी पास घेतला नाही. "असं कसं?" मी म्हणाले. "तुम्ही ऐकलं ना?"

"ऐकलं."

"मग साहेबांना बोलवा. पट्टा थांबवा. बॅग बाजूला घ्या. ऐकून सोडून देता येत नाही, मी बाई आहे, म्हातारी आहे, म्हणून सोडायचं नसतं. आज मला सोडलंत तर उद्या कुणाला सोडाल?"

आणि तो जागचा हलत नाही हे बघून मी स्वतःच हात वर केला आणि खऱ्या विमानतळावर मारायचे तशी हाक मारली, "साहेब, इकडे या."

श्रीपाद आधी हसला, मग प्रकाशयोजनेची माणसं, मग सगळेच. मला माझा हात वर आहे हे तेव्हा कळलं. स्वतःलाच पकडून देत होते. मी कॅमेऱ्याकडे बघितलं. त्याच्यावरचा लाल दिवा लागलेला नव्हता. श्रीपाद जवळ आला. "तुम्ही तोंड उघडायच्या आधीच बंद केला, ताई. तुमची अट होती ना."

या माणसाने सगळ्या भागातला सगळ्यांत मोठा हशा समोर उभा असताना कॅमेरा बंद केला होता, आणि त्याबद्दल पुन्हा कधी एक शब्द काढला नाही. त्याच्या धंद्यातला मोठेपणा मला त्या एका गोष्टीवरून कळला.

योगेश हसत नव्हता. तो टेबलावर दोन्ही हात टेकून उभा होता. "मॅडम," तो म्हणाला, "सात वर्षं मी वेगळंच धरून चाललो होतो. मला वाटायचं, मी खेड्यातला, मराठीत बोललो, म्हणून तुम्ही मला धरलं. एखादा सूटवाला इंग्रजीत बोलला असता तर तुम्ही हसून सोडून दिला असता." त्याने पिशवी जवळ ओढली. "नोकरी गेली ते मी विसरलो होतो. हे नव्हतो विसरलो."

त्या सकाळी 'लाडूच होते ना?' म्हणून त्याने विचारलं होतं ते एवढंच होतं, आणि मी कागद भरत बसले होते.

"मी कुणालाच सोडलं नसतं रे," मी म्हणाले.

"बघितलं ना आत्ता," तो म्हणाला. "तुम्ही तर स्वतःलाबी सोडत नाही." मग त्याने डोक्यावरची टोपी काढून टेबलावर ठेवली, माझा वर राहिलेला हात धरून खाली घेतला आणि पिशवीतला डबा उघडला. आत डिंकाचे लाडू होते.